एकोणीस नंबर, गैरहजर

विश्वास ठेवायचा तरी कोणावर, तूच सांग मला. नाही, आधी बस. त्या स्टुलावर नको — त्याचा एक पाय आखूड आहे, मीच कापलाय, भाव करत तासभर बसणाऱ्यांसाठी. तू इकडे ये, या खोक्यावर बस. आत बशा आहेत, पण भुशात बांधलेल्या आहेत, तुझं वजन झेपेल त्यांना. तसं वजन तुझं राहिलंय तरी कुठे म्हणा. आठ महिन्यांनी उगवलास लेका, आणि तेही मंगळवारी, भर दुपारी — बाहेर डांबर चपलेला चिकटतंय आणि तू गळ्यात मफलर गुंडाळून आलायस. पोरीकडे राहून आलास म्हणे, मग असंच होतं, ती घालेल ते घालायचं. काय बघतोस? भिंतीवरचे हुक बघतोयस. मोज, बाराच आहेत. कप अकरा आहेत. तुझा नाही. निसटला हातातून, पुसताना. काचेचा आणि चिनीमातीचा धंदा, निसटायचंच कधीतरी. बोल ना काहीतरी. नाही बोलायचं? बरं. फोनवरही हेच केलंस तू, तीनदा. काही हरकत नाही, मी बोलतो, गप्प उभ्या राहिलेल्या माणसाशी बोलत राहणं हाच माझा चाळीस वर्षांचा धंदा आहे — बोलणारं गिऱ्हाईक काही घेत नाही.

मला एक सांग, शाळेतला वर्ग पुन्हा जमवायचं हे सगळं सुचलं कोणाला होतं? मला. सहा वर्षांपूर्वी, याच गल्ल्यावर बसून. मी, ज्याने सातवीत शाळा सोडली, ज्याला त्या वर्गाशी घेणं ना देणं, तो मी वर्गातली माणसं शोधत फिरलो. चाळीसपैकी तेवीस काढली शोधून. अकरा नंबरकडे कसा गेलो सांगितलं होतं ना तुला? दातांचा मोठा डॉक्टर, बाहेर नऊ माणसं गाल धरून बसलेली, मी नंबर लावला, खुर्चीवर जाऊन पडलो, आ केला. तो आरसा घालून बघतोय, म्हणाला, कुठे दुखतं. मी म्हटलं, दुखत नाही, तू माझी पेन्सिल परत केली नाहीस. हसून त्याच्या हातातला आरसा पडला. आणि दोन नंबर, बँकेतून निवृत्त झालेला, त्याला मी त्याच्या बागेच्या फाटकाबाहेरून रोल नंबरने हाक मारली, तर आतून म्हातारा खाडकन उभा राहून म्हणाला, हजर सर. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. असे एकेक जमवले मी. आणि तू — तुला शोधावं लागलं नाही. तू तर चार गल्ल्या पलीकडेच, डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं उघडून बसलेला. तुला मी शेवटी बोलावलं, कारण तू कुठे जाणार होतास.

मग काय, रविवार सुरू झाले. ही गल्ल्यामागची खोली, नेमाने येणारे बारा, बारा खुर्च्या, बारा हुक, बारा कप — प्रत्येकाचा वेगळा, बुडाला रंगाने ज्याचा त्याचा रोल नंबर. इथे कोणाला नाव नाही, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं. बाहेर तू साहेब असशील, डॉक्टर असशील, इथे नंबर. आणि रविवारचं सोड, बाकीचा आठवडा तरी कुठे मोकळा होता? याच्या मुलीचं लग्न, त्याची साठी, कोणाच्या घराची वास्तू, कोणाचं बायपास झालं म्हणून बघायला जा, बरं वाटलं म्हणून जेवायला जा. आमची ही म्हणायची, तुम्हाला आता घरी जेवायला बोलवायचं तर पत्रिका छापावी लागेल. म्हणायची आणि जेवणावर झाकण ठेवून झोपायची. मी तिला म्हणायचो, अगं, माणसं जोडणं म्हणजे गंमत आहे का. सातवीत सुटलेला मुलगा मी, मला वाटलं होतं ती रांग आता कायमची गेली. आणि इथे बारा जण माझ्या दुकानात बसून माझ्याच हातून हजेरी लावून घेताहेत. समजतंय का तुला, मला ते काय होतं ते?

तुला समजायला पाहिजे. तुला नाही समजणार तर कोणाला. एकोणीस आणि वीस, एका बाकावरचे. वडील गेले आणि मी शाळेत यायचा बंद झालो — मामाच्या वखारीत पोती मोजत होतो — आणि इकडे तू रोज दोनदा हजर म्हणायचास. एकोणीस, तुझ्या आवाजात. वीस, घसा खरवडून, माझ्या आवाजात. नाव कटू नये म्हणून, मी परत येईन म्हणून. एक महिना चाललं ते. सर जाड चष्म्याचे, त्यांना कळलं नाही. मग एके दिवशी तुला सर्दी झाली आणि दोन्ही हजर एकाच आवाजात आले. किती छड्या खाल्ल्यास? आठ? तू कधी सांगितलं नाहीस, मला ते दोन नंबरने सांगितलं, पन्नासेक वर्षांनी, या खोलीत, आणि तू आपला कपात बघत बसलेला. तशी माणसं होती तेव्हा. म्हणून तर म्हणतो, मग आता काय झालं? माणूस तोच आणि फोनवर शब्द फुटू नये त्याला?

आता माझी बाजू ऐक. नियम काय होता? तीन रविवार न कळवता गैरहजर, नाव कट, कप खाली. नियम गमतीचा होता, मान्य, पण नियम होता, आणि तू हात वर करून हो म्हणालेलास. तू आला नाहीस एक रविवार. मी फोन केला. तुझा तो बटणांचा जुना फोन, ग्रुपवर तू नाहीस, तुला वेगळा फोन करावा लागतो, तरी केला. उचललास. मी म्हटलं, काय रे, कुठे आहेस? तिकडून काही नाही. नुसता श्वास. मी दोनदा हॅलो म्हटलं आणि तू ठेवलास. दुसऱ्या रविवारी तेच. श्वास. आता मला सांग, मी काय समजायचं? मी कपाची पारख डोळ्यांनी करत नाही, कानांनी करतो. एका बोटावर कप टांगायचा, दुसऱ्या हाताने टिचकी. घणघणला तर नग चांगला, थड् वाजला तर आत तडा — मग वरून कितीही फुलं रंगवलेली असोत. तुझा तो श्वास ऐकून मला वाटलं, थड्. याच्या मनात काहीतरी आहे. याला आपला राग आलाय, नाहीतर हेवा वाटतोय. त्या चौदा नंबरने आग लावलीच होती — तो आपल्या वर्गातला नव्हे, हे मीही जाणतो, जागांची दलाली करतो, अकरा नंबरच्या ओळखीने शिरला, मी त्याला रिकामा नंबर देऊन टाकला, हुक नव्हता म्हणून चहा पाहुण्यांच्या कपात — तो म्हणाला, घड्याळवाल्याला तुमची संगत परवडत नसेल. मी हसलो. सगळे हसले. तिसऱ्या रविवारी परत फोन. परत श्वास. मग मी नाव कापलं. लाल शाईने. संपलं.

काय काढतोयस खिशातून? चिठ्ठ्या? घड्याळाला बांधायच्या त्या. इथे कशाला लिहितोयस, मी काय घड्याळ टाकलंय दुरुस्तीला? तोंडाने सांग की. आण इकडे, चष्मा शोधू दे. अक्षर तुझं मुंगीचं, आणि लिहायचं कशावर, तर बोटभर कागदावर. थांब. काय लिहिलंय — ‘घशाचं मोठं ऑपरेशन झालं. आवाजाची पेटी काढली. बोलता येत नाही.’

नको. मफलर सोडू नकोस. पटलं मला. राहू दे.

पाणी घेशील? घेता येतं ना पाणी? मान हलवलीस, म्हणजे येतं. हे घे. हळू. मला सांगायचं — नाही, कसा सांगणार होतास, मीच मूर्खासारखा हॅलो हॅलो करतोय. पण लेका, मग तू फोन उचलत कशाला होतास? न उचलता तर मी समजलो असतो, झोपला असेल, बाहेर असेल. उचलून गप्प बसणारा माणूस — लिही, लिही. घाई नाही. ‘तुमचे सगळ्यांचे आवाज ऐकू यायचे. दवाखान्यात रविवारी कोणी नसायचं.’

हं.

म्हणजे तिसऱ्या वेळचंही ऐकलंस. मी त्या दिवशी फोन मोठ्या आवाजावर टाकून टेबलाच्या मध्ये ठेवला होता. सगळ्यांना ऐकू जावा म्हणून, तुझा माज. तुझा श्वास खोलीभर झाला आणि चौदा नंबर म्हणाला, घड्याळवाल्याची किल्ली संपली. हशा पिकला. आणि मी — हो, लिहू नकोस, मीच सांगतो — निसटला नाही कप. पुसताना वगैरे काही नाही. मी हजेरीच्या वहीत नाव कापलं, उभा राहिलो, फोनजवळ तोंड नेलं, म्हटलं, एकोणीस नंबर, गैरहजर, आणि हुकावरून तुझा कप काढून फरशीवर टाकला. टाळ्या वाजल्या. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं त्या टाळ्यांनी. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकाच्या हातून पडलेल्या कपांचे पैसे मागत आलोय, जाणूनबुजून मी एकच फोडला, तो तुझा. ऐकलंस ना तू? आवाज आला असेल.

बघ, मी थेट बोलणारा माणूस आहे. चूक झाली. पण नुसती माझी का? तू कोणाकडे तरी निरोप द्यायचास. इतकं मोठं ऑपरेशन, एक माणूस — काय? दाखव. ‘अकराला सांगितलं होतं. गाठ आधी त्यानेच पाहिली.’

बघितलंस? म्हणून मी पहिल्यापासून विचारतोय, विश्वास ठेवायचा कोणावर. तो अकरा नंबर त्या दिवशी इथे बसला होता, या इथे, पायावर पाय टाकून. त्याने तुझ्या तोंडात बोट घालून ती गाठ बघितलेली, आणि मी कप टाकतोय तेव्हा तो टाळ्या वाजवतोय. डॉक्टर म्हणे. येऊ दे आता त्याला, बशीने डोकं फोडतो त्याचं. सहा वर्षं माझ्या घरचा चहा प्यायला, त्याच्या मुलीच्या लग्नाला मी दोनशे कपबशा खरेदीच्या भावात दिल्या, आणि एका शब्दाने सांगितलं नाही की बाबा रे, थांब, तो आजारी आहे. एक शब्द — म्हणजे तसं बघितलं तर —

असं बघू नकोस माझ्याकडे. तुला बोलता येत नाही तर डोळ्यांनी उलटतपासणी घेणार का? सांगतो. म्हणाला होता. तू न आलेल्या पहिल्या रविवारच्या महिनाभर आधी, एका शुक्रवारी, इथेच गल्ल्याशी आला होता, म्हणाला, एकोणीसचं जरा बरं दिसत नाही मला, तू एकदा जाऊन बसशील का त्याच्यापाशी, मला ते त्याला सांगणं जमत नाहीये. मी त्या दिवशी घाईत होतो. चौदा नंबर त्या रविवारी पहिल्यांदा येणार होता, सोबत दोन बडी माणसं आणणार होता, हॉटेलवाली, त्यांना क्रॉकरी लागणार होती. मी जाळीच्या कपाटातून नवा सेट काढत होतो. मी म्हटलं, बघतो रविवारनंतर. आणि रविवारनंतर तो मला काही बोलला नाही आणि मी त्याला काही विचारलं नाही. माझ्या ध्यानातून गेलं असं मी म्हणू शकतो. तू ते मान्यही करशील. पण फोनवर तो श्वास ऐकला ना, तेव्हा मला शुक्रवार आठवला होता. तिन्ही वेळा आठवला. म्हणूनच मोठ्याने हसलो.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या हिलासुद्धा नाही.

आता कप. हजार कप आहेत या दुकानात, वरच्या माळ्यावर अजून तीनशे, बघ, कुठलाही घे. तो सोनेरी काठाचा घे, परदेशी माल आहे. नको? मला माहीत होतं नको म्हणशील. तुझा तो निळ्या काठाचा — माझ्या हातगाडीवरचा पहिला विकलेला नग. सकाळपासून उन्हात उभा, कोणी ढुंकून बघेना, रडायला आलेलो, आणि तू आलास, शिकाऊ कारागीर, खिशात काही नसणारा, म्हणालास, हा दे. तीस वर्षं वापरून तोच इथे हुकावर आणून लावलास, मिरवायला. आणि सगळे तुला हसायचे, कारण तुझा एक सोपस्कार — चहा ओतण्याआधी कपात कोमट पाणी घ्यायचं, फिरवायचं, टाकून द्यायचं, मग चहा. बायकी चाळा म्हणायचे. मी नाही कधी हसलो त्याला. मी दुसरीकडे बघायचो. कारण तडा गेलेल्या कपाला असंच वागवावं लागतं, एकदम कढत ओतलं की उकलतो. मी त्या दिवशी गाडीवर टिचकी मारली होती, तुला देण्याआधी. थड् वाजला होता. तरी मी तो चांगला म्हणून दिला, चांगल्याच्या भावात. मला वाटत होतं तुला माहीत नाही, नुसती सवय असेल.

काय लिहितोस आता? आण. ‘घरी नेल्यावर कळलं. तुझा पहिला दिवस होता.’

ठेव ते पेन. जरा ठेव खाली.

तुकडे? तुकडे झाडून टाकले. बूड राहिलं, अख्खं. ते बघ, तुझ्या कोपरापाशी, मी त्यात टाचण्या ठेवतो. आल्यापासून तू तेच बघत होतास ना, हुक नव्हतास बघत. टाकवलं नाही म्हणून ठेवलं असं मी म्हणणार होतो, पण तसं नाही, टाचण्यांना काहीतरी लागत होतं, ते हातापाशी होतं. घे. थांब, रिकामं करतो. उलटं कर, एकोणीस दिसेल. त्याला आता चिकटवायला काही नाही, लेका, तू कितीही बारीक काम करणारा असलास तरी. रुमालात बांध. धार आहे त्याला.

रविवारी ये म्हणू का? म्हटलं असतं. पण येऊन बसशील कोणात? ही वही बघ, हजेरीची. गेले पाच रविवार — दोन हजर, अकरा हजर, चौदा हजर, सगळे हजर. माझं अक्षर. कोणी येत नाही. चौदा नंबरने गावाबाहेर जागा घेतली, तिथे हिरवळ आहे, गाड्या लावायला जागा आहे, आता सगळे तिकडे बसतात. मला बोलावणं नाही. म्हणजे एकदा आलं, कपबशा पाठव म्हणून. मी रविवारी अकरा कप खाली काढतो, चहा करतो, स्वतःच विसळतो आणि परत टांगतो. मग वही उघडून एकेक नंबर घेतो. अठरापर्यंत ठीक चालतं. अठरानंतर वीस म्हणायचं असतं, मला. तिथे दर वेळी अडखळतो.

ही वही तू घेऊन जा. खरंच. मला नको आता. तुला माझ्या तोंडावर गोड बोलता येणार नाही, मला तेवढंच हवंय. मागची कोरी पानं भरपूर आहेत. ती बाई आली बघ, तिला सहा बशा दाखवायच्या आहेत, सकाळपासून दोनदा येऊन गेलीय — या ताई, या, स्टुलावर बसा — तू जा आता. मफलर नीट घे, धूळ आहे रस्त्यावर. घरी गेल्यावर आजची तारीख घाल, एकोणीसपुढे हजर लिही, आणि वीस नंबरपुढे, आजच्या आणि त्या शुक्रवारच्याही तारखेला, जे असेल ते लिही. माझ्यासाठी आवाज काढून हजर म्हणू नकोस या वेळी. हिशेब खरा ठेव.